एक जूनची टीम

आमच्या शाळेच्या बास्केटबॉल टीममधले कोणीही दोघं भेटले की चहाचे दोन कप हसण्यात जातात. मग कोणीतरी शिदूचं नाव काढतो आणि तिसरा कप कोणी मागवत नाही. तरी किस्से साठतच जातात. नाही सांगितले तर छातीवर बसतात, म्हणून सांगतो.

साठच्या दशकातली गोष्ट. माण तालुक्यात आमचं हायस्कूल. पाऊस नाही, गवत नाही, त्यामुळे ग्राउंड मात्र बारा महिने तयार! पी.टी.चे सर लष्करातून हवालदार होऊन परतलेले. बास्केटबॉल ते पलटणीत शिकले आणि आम्हालाही पलटणीसारखाच शिकवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पडला तर उठायचं. रडायचं असंल तर उठून रडायचं."

*

चेंडू एकच. तो उसवला तेव्हा वहाणा शिवणाऱ्या दादूमामांनी चपलेचं कातडं लावून दिलं. तेव्हापासून तो आपटला की डावीकडेच उसळायचा. वर्षभर आम्ही त्याच्यावर सराव केला.

साताऱ्याला मॅचला गेलो तर तिथे कोरा करकरीत चेंडू. आमचे हात डावीकडे, चेंडू समोर! हाफ टाइमला सरांनी विचारलं, काय झालंय काय तुम्हाला? कॅप्टन मान खाली घालून म्हणाला, "सर, चेंडू सरळ उसळतोय."

एकटा शिदू सावरला. मेंढपाळाचा पोरगा, टीममधला सगळ्यात उंच. न वाकता गुडघा खाजवता येईल एवढे लांब हात. मॅच आम्ही हरलो, पण निवड समितीतल्या एका साहेबांनी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं.

*

पुढे सांगलीला राज्याच्या शालेय संघाची निवड होती. देशभरातल्या शाळांची स्पर्धा खेळायला तो संघ जायचा होता. आम्ही पाचजण गेलो. कारकून जन्मतारखा लिहून घेत होता. पहिला म्हणाला एक जून. दुसरा, एक जून. पाचव्यानेही एक जून म्हटल्यावर त्याने टाक खाली ठेवला.

"काय हो, तुमच्या गावात बाकीचे अकरा महिने बायका काय करतात?"

सर म्हणाले, "रानात राबतात, साहेब. जन्मतारीख गुरुजी घालतात."

शिदूची निवड झाली. मी राखीव.

बातमी कळल्यावर शिदूने एकच प्रश्न विचारला, "सर, तिकडं जेवान देत्यात का?" देतात म्हटल्यावर म्हणाला, "मग आयला सांगाय पायजे, भाकरी बांधू नगं म्हून."

*

निघायला आठ दिवस उरले होते, तेव्हा शाळेचा दाखला मागणारं पत्र आलं. दाखल्यावरून शिदू वयाच्या अटीत बसत नव्हता. अटीपेक्षा एका वर्षाने मोठा.

सर सायकल मारत प्राथमिक शाळेच्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेले. पूर्वी शाळेत घालताना पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे. पोचला की सहा वर्षं पूर्ण. शिदूचा हात चौथ्या वर्षीच पोचला होता.

"आता पोचला हात, त्याला मी काय करू?" गुरुजी म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिदूची आई हेडमास्तरांपुढे येऊन उभी राहिली. "आवं, म्या जलम दिलाय त्येला. मला ठावं न्हाई व्हय?"

हेडमास्तर वाईट माणूस नव्हता. रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे, बाई. ह्याला ठाऊक नाही." तारीख बदलायला कोर्टाचा कागद लागणार होता, आणि हातात आठ दिवस.

*

माझं नाव वर सरकलं. शिदूपुढे मी तोंड पाडून उभा राहिलो, पण मला आनंद झाला होता. त्याची लाज अजून वाटते.

राज्याचा ब्लेझर पार्सलने आला, शिदूच्या मापाचा. दुसरा शिवायला वेळ नव्हता. निघायच्या सकाळी एसटी स्टँडवर मी तो घालून उभा, आणि बाह्यांतून माझी बोटंसुद्धा दिसेनात. सर म्हणाले, "पुण्यात शिंपी गाठू. चार बोटं कापून घेऊ."

शिदू मेंढरं सोडायच्या आधी मला पोचवायला आला होता. त्याने मला बाकावर बसवलं. घोंगडी शिवायची सुई त्याच्या पटक्यात खोचलेली असायची, ती काढली. बाह्या आत दुमडल्या आणि टाके घालायला लागला. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, ड्रायव्हर ओरडला. शिदूचा हात काही घाई करेना.

दुसरी बाही झाल्यावर त्याने दोरा दाताने तोडला. दोन्ही मनगटं धरून माप सारखं आलंय का बघितलं.

"आल्यावर टाकं उसव," तो म्हणाला. "बाह्या कापू नगंस, गड्या."