म्हातारपणाचा व्हिसा

माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. घरी नवरा ठेवत नाही, चिखलीत आमच्या गल्लीतल्या बायका ठेवत नाहीत, आणि जिथं मी काम करते त्या ऑफिसातले लोक तर अजिबात नाहीत. मी चौथी शिकलेली, चहा करणारी, फरशी पुसणारी बाई. डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं तरी म्हणतात, "मावशी, तुमचा काहीतरी घोटाळा झाला असेल." म्हणून लिहून काढते. कागदावर आलं की माणसं खरं मानतात, हे मी याच ऑफिसात शिकले.

ऑफिस पिंपरीत आहे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. परदेशी जायच्या व्हिसाची कामं चालतात. पोरं शिकायला बाहेर जातात हे मला ठाऊक होतं. पण आमच्या गिरीश साहेबांचं खास काम वेगळंच. नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसांना बाहेरच्या देशात राहायला पाठवायचं. म्हणजे म्हातारपणाचा व्हिसा. गल्लीत सांगितलं तर शेजारीण म्हणाली, "म्हातारी माणसं कोण मागून घेतं गं? इथं पोटची पोरं घेईनात."

पण घेतात. देशच्या देश घेतात. सात वर्षं झाली, भिंतीवरचा जगाचा नकाशा मी रोज पुसते आणि रोज मला नवल वाटतं. इथले किस्सेही त्या नकाशावरच्या धुळीसारखेच. आज पुसावेत तर उद्या तेवढेच पुन्हा बसलेले.

*

पोर्तुगाल नावाचा एक देश आहे. नकाशावर माझ्या करंगळीच्या नखाएवढा. त्यांची अट अशी, की दर महिन्याला तुमच्याकडं पैसे आपोआप आले पाहिजेत. पेन्शन, घरभाडं, व्याज, काहीही चालेल.

गिरीश साहेब एका जोडप्याला समजावत होते, "हातपाय न हलवता उत्पन्न येतं, एवढं सिद्ध करायचं."

मी कप उचलत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, माझा दीर तीस वर्षं हातपाय हलवत नाही आणि दोन वेळ पोटभर जेवतो. त्याला घेतील का?"

साहेब म्हणाले, "त्याचं बँकेतून येतं का?"

"नाही. माझ्या ताटातून येतं."

"मग नाही घेणार."

बघा, करंगळीच्या नखाएवढा देश, पण माणूस ओळखतो. आमच्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत जमलं नाही.

*

एक सुपरवायझर यायचे, पिंपळे गुरवचे. कंपनीतून नुकतेच मोकळे झालेले. त्यांना मलेशियाचं पाहायचं होतं. साहेबांनी सगळं सांगितलं. तिकडच्या बँकेत मोठी ठेव ठेवायची, घर घ्यायचं, दर काही वर्षांनी कागद नवा करायचा. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग पेन खाली ठेवून हळूच विचारलं, "पाणी रोज येतं का?"

आमच्याकडं पाणी दिवसाआड. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, म्हणून साहेबही हसले नाहीत. म्हणाले, "चोवीस तास येतं."

सुपरवायझरांनी पेन उचलून तेही वहीत लिहिलं. त्यांच्या बायकोनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग हे तिथं उठून करणार काय? बारा वर्षं सोसायटीचा व्हॉल्व्ह यांच्याच हातात आहे. यांनी सोडल्याशिवाय अठ्ठेचाळीस घरांत आंघोळ होत नाही."

ते परत आले नाहीत. वही मात्र इथंच राहिली. त्यात शेवटी लिहिलंय, "पाणी – २४ तास", आणि त्यावर काट मारलेली आहे.

*

आता नाना. चाकणच्या पुढच्या एका गावातले. वय अडुसष्ट. पहिल्यांदा आले तेव्हा दोन जिने चढताना तीनदा बसले आणि वर आल्यावर खिशातून दम्याचा पंप काढून दोनदा ओढला, मग बोलले. त्या दिवसापासून मी मधल्या वळणावर त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवायला लागले.

सोबत बायको, मंजुळाकाकू, आणि मुलगा संतोष.

नानांची जमीन कंपन्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी बावीस खोल्या बांधल्या, त्यात कामगार पोरं राहतात. चहूबाजूंनी ट्रक आणि धूळ. चार वर्षांपूर्वी खताच्या दुकानदारानं चांगल्या गिऱ्हाइकांना थायलंडला फिरवून आणलं होतं. बाकीचे त्या ट्रिपविषयी घरी काही बोलत नाहीत. नाना मात्र उघड सांगायचे, "पाच दिस समुद्राच्या कडंला ऱ्हायलो. पाची दिस पंप पिशवीतच. कोरा श्वास आला, साहेब. मला तितं ऱ्हायाचंय. मरायला न्हाई, श्वास घ्यायला."

अमेरिका पाहिजे, कॅनडा पाहिजे म्हणणारे मी शेकडो पाहिले. श्वास मागणारा पहिलाच.

साहेबांनी फॉर्म काढला. "निवृत्त कधी झालात?"

"शेतकरी कुटं निवृत्त व्हतो?"

"पण शेती तर आता नाही ना?"

"जमीन झाली निवृत्त. मी हाय अजून."

*

थायलंडचं असं आहे. पन्नाशी उलटलेली पाहिजे. मग एक तर दर महिन्याला ठरलेली रक्कम येते हे दाखवा, नाही तर आठ लाख बात बँकेत दाखवा. बात म्हणजे त्यांचा रुपया, आपल्यापेक्षा वजनदार.

साहेब म्हणाले, "बावीस खोल्यांचं भाडं येतं म्हणजे काम सोपं झालं. भाडेकरार आणा."

"कसला करार? पोरं येत्यात, ऱ्हात्यात, जात्यात. रोख देत्यात."

"मग लिहून तरी ठेवता ना?"

"ठिवतो की. दारावर. खडूनं."

आमची कॉम्प्युटरवाली प्रियांका मान खाली घालून हसत होती. नाना मनापासून म्हणाले, "दारांचा फोटू चालंल का? का दारंच घिऊन यिऊ?"

दारं चालली नाहीत. बावीस खोल्या, चाळीस पोरं, आणि परक्या सरकारच्या लेखी नानांचं उत्पन्न शून्य. मग ठरलं, जमिनीच्या पैशातली ठेव मोडायची आणि सगळी रक्कम नाना-काकूंच्या जोडखात्यात ठेवायची. साहेबांनी बोट वर करून सांगितलं, "दोन महिने हात लावायचा नाही. एक रुपया इकडं तिकडं झाला तरी आकडा खाली येईल आणि फाईल पडेल. दोन महिन्यांनी स्टेटमेंट काढायचं आणि पाठवायचं."

नाना म्हणाले, "न्हाई लावत हात. श्वासाचा सवाल हाय."

*

डॉक्टरांच्या दाखल्याचा फॉर्म आला. नाना घाबरलेले. दमा आहे म्हटल्यावर कोण घेणार? प्रियांका एकेक वाचत गेली. कुष्ठरोग नाही. क्षय नाही. नशेचं व्यसन नाही. हत्तीपाय नाही. आणखी एक रोग होता, तो तिनं मोठ्यानं वाचलाच नाही, नुसतं "हेही नाही" म्हणाली.

"दमा?" नानांनी विचारलं.

"दमा विचारलेलाच नाही."

नानांनी धोतर घोट्याच्या वर उचललं, दोन्ही पाय सगळ्यांना दाखवले आणि काकूंकडं वळून म्हणाले, "बघ. पाय बगत्यात, छाती बगत न्हाईत. देवमानसं हायत."

*

पोलिसांचा दाखला लागतो. माणूस गुन्हेगार नाही, असा. गावात चौकशीला हवालदार गेला आणि नेमका गाठला नानांच्या चुलतभावाला. दोघांचं बांधावरून चाळीस वर्षं वाजलेलं. एकमेकांच्या लग्नाकार्यांत पाऊल टाकत नाहीत. संतोषला कळलं तसा त्यानं कपाळाला हात लावला. गेली फाईल.

चुलतभावानं हवालदाराला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "नानासारखा मानूस तालुक्यात न्हाई. सज्जन. पापभीरू. ल्हानपणापासून डोळ्यांनी बगतोय." हवालदार लिहून घेत होता. चुलतभावानं वाकून विचारलं, "किती दिसात जाईल?"

*

मंजुळाकाकूंना जायचं नव्हतं, असं संतोषचं म्हणणं. ऑफिसात बसून तो आईसमोरच म्हणायचा. काकू एकदा मला चहाच्या ओट्यापाशी म्हणाल्या, "तितं माज्याशी बोलंल कोन गं? पन ह्यांचा श्वास लागला की मला झोप न्हाई. तितं ह्ये झोपले तर मीबी झोपंन." शेवटची म्हैस त्यांनी बहिणीकडं पोचवली होती. कांदा-लसूण मसाला करून डबे भरले होते. थायलंडला किती किलो नेता येतो, हे त्यांनी प्रियांकाला तीनदा विचारलं.

*

दोन महिन्यांतला दीड महिना गेला. तेव्हा गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. माझ्या नवऱ्याच्या वर्कशॉपमधला एक जण चाकणकडचा. त्यानं जत्रेला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सगळे बैलगाडे बघायला घाटात गेले. घाट म्हणजे शर्यतीसाठी केलेला चढाचा रस्ता. माझं माहेर परांड्याकडचं, मी असलं कधी पाहिलं नव्हतं. खाली गाडा जुंपतात, लाऊडस्पीकरवाला ओरडतो, आणि पाणी प्यायला वाटी तोंडाशी न्यावी तेवढ्या वेळात बैल वर पोचलेले असतात. सेकंदावर निकाल. पळणाऱ्या बैलाला लाखांत भाव येतो, असं नवरा म्हणाला.

एक पांढराशुभ्र बैल आला. मी बैल पाहिलेत, जन्मभर पाहिलेत. हा बैल नव्हता. कोणीतरी आभाळाला शिंगं लावली होती. लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, "आला रे आला, हरण्या आला." गाडा सुटला आणि माझ्या अंगावर काटा आला. धूळ अशी उठली की शेजारचा माणूस दिसेना.

त्या धुळीतून एक म्हातारा चढावर पळत वर आला. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगभर गुलाल, हातातलं उपरणं गरगर फिरवत, आणि अशी आरोळी ठोकत होता की स्पीकरवाल्याचा आवाज झाकला गेला. वर पोचला आणि त्यानं त्या बैलाच्या मानेला मिठी मारली.

ते नाना होते.

मी सोमवारी ऑफिसात सांगितलं. प्रियांका म्हणाली, "मावशी, नाना दोन जिने चढताना तीनदा बसतात." साहेब म्हणाले, "धुळीत कोणीही नानांसारखं दिसेल." मी म्हटलं, "साहेब, खातं तपासा." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी फडकं घेऊन नकाशा पुसायला गेले. थायलंड दोनदा पुसला.

*

दोन महिने पुरे झाले त्या दिवशी सगळी फाईल टेबलावर आली. हत्तीपाय नसल्याचा दाखला, सज्जन असल्याचा दाखला, विमा, फोटो. संतोषनं बँकेतून काढून आणलेलं स्टेटमेंट प्रियांकाच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि साहेबांकडं सरकवलं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"सत्तेचाळिसाव्या दिवशी मोठी रक्कम गेलीय," साहेब म्हणाले. "आकडा खाली आला."

ती रक्कम लिहीत नाही. एवढंच सांगते, तेवढ्यात आमच्या चिखलीत वन रूम किचन येतं, वर पंखे लावून.

संतोष आईवर उखडला. "आई, तुलाच जायचं नव्हतं. सही तुझी चालते खात्यावर."

काकू ताडकन उठल्या. "मी म्हस दिली ती काय गंमत म्हनून? तूच काडलं असशील. बुलेट कुनाला पायजे व्हती?"

"मी? आई, तुझी शपथ."

"मग भावकीनं केलं."

"भावकीची सही चालते का बँकेत?"

नाना खुर्चीत शांत बसले होते. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. त्या दिवशी खालून नानांचा आवाज आला तसं मी चहाला आधण ठेवलं आणि ते उकळायच्या आत नाना वर आले होते. जिन्यातलं स्टूल जागेवर होतं, त्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. पंप कुठं दिसला नाही. उजव्या कानाच्या मागं मात्र, नीट धुतलं नव्हतं तिथं, गुलाल होता.

मी कप मांडायला लागले. माझ्यावर कोण विश्वास ठेवतं?

साहेब म्हणाले, "हे बघा, दोन वाटा आहेत. एक तर पुन्हा रक्कम भरा आणि पुन्हा दोन महिने थांबा. नाही तर आत्ताच पाठवू, पण सोबत पत्र जोडावं लागेल. रक्कम का कमी झाली, कोणामुळं झाली, खरं खरं लिहायचं. नाना, तुम्ही सांगा."

प्रियांकानं कॉम्प्युटरवर पत्र उघडलं. तारीख घातली, नानांचं नाव घातलं, पासपोर्टचा नंबर घातला आणि थांबली. "कोणामुळं, काय टाइप करू?"

संतोष आईकडं बघत होता. काकू संतोषकडं. मग दोघांनी मिळून नानांकडं पाहिलं. काकूंची नजर त्या कानावर गेली आणि तिथंच राहिली. त्या हळूहळू खाली बसल्या.

नानांनी छाती भरून श्वास घेतला. लांब, आतपर्यंत, कुठं शिट्टी नाही, अडथळा नाही. सोडलाही तसाच.

"माजं नाव नको लिवू, पोरी," ते म्हणाले. "मी निस्ता बगाया गेलो व्हतो. त्येनं मान वळवून माज्याकडं बगितलं."

"कोणी?" प्रियांकानं विचारलं. बोटं कीबोर्डवर तयार.

"लिव," नाना म्हणाले. "हरण्या."