एकसष्ट सेंटीमीटरचा पडदा

कॉम्प्युटरच्या दुकानात शिरताच झुमरादने गळ्यातला टेप काढला आणि पडद्यांची रुंदी मोजायला सुरुवात केली. पाहुण्यांच्या खोलीतला कोनाडा बावन्न सेंटीमीटर. सासूबाईंनी, होजरबीबींनी, निघताना दोनदा बजावलं होतं : चहादाण्यांच्या मधोमध बसला पाहिजे. त्यांच्या मार्गिलान शहरात घरात आलेली चांगली वस्तू आधी पाहुण्यांची.

"आपा, त्याला कपडे शिवायचेत का?" दुकानदार इल्होम हसला. "माप राहू द्या, करायचंय काय ते सांगा."

सतरा वर्षं ती खडूने कापडावर बेतत आली होती. आता फरगान्याच्या एका शिवणकाम कंपनीने कळवलं होतं : कॉम्प्युटरवर कपड्यांची आखणी करून पाठवा, घरबसल्या काम देऊ, नवरोझच्या सणाआधी एक बाही आखून दाखवा. नाही जमलं तर मॉस्कोजवळचा कारखाना. तिथे तीन वर्षांपासून नवरा होता, आणि त्याने तिच्यासाठी एक शिलाई मशीन अडवून ठेवलं होतं. दोन्ही मुली मग आजीपाशी. त्या मशीनपुढचं रिकामं स्टूल तिला हल्ली जेवतानाही दिसायचं.

"आखणी करायचीय," ती म्हणाली.

"मग हा मोठा. छोट्यावर डोळे जातील तुमचे."

मोठा एकसष्ट भरला. तिने पुन्हा मोजलं, जणू मधल्या वेळात तो आटला असेल. शिवाय पाहुण्यांच्या खोलीत शेगडी नव्हती. थंडीत तिथे पाहुणेसुद्धा अंगातला कोट काढत नसत. बोटं आखडून कसली रेघ येणार?

तिने घरी फोन लावला. "आई, कोनाड्यात मावतो त्यात तुमच्या मुलाचा चेहरा बशीएवढा दिसेल."

"आणि दुसऱ्यात?"

"परातीएवढा. पण तो शिवणाच्या टेबलावरच ठेवावा लागेल."

"चिंध्यांत? लोक काय म्हणतील?"

होजरबीबींना फोनवरच्या व्हिडिओत मुलगा म्हणजे नुसता एक धुरकट डाग दिसायचा.

"आण मोठा," शेवटी पलीकडून आलं. "लोक गेले उडत."

त्या संध्याकाळी म्हातारी पडद्यापुढे बसली ती उठेचना. "किती वाळलास रे रसूलजान! जेवतोस की नुसता चहा ढोसतोस?"

"जेवतो गं. झुमरादला सांग, मुकादम रोज विचारतोय, कधी येतेय म्हणून."

होजरबीबींनी मान वळवली नाही. झुमराद सुईत दोरा ओवत राहिली, दोरा जाईना.

रोज तेच. रसूलजान कामावरून सुटला की खोलीवर फोन उभा करून ठेवायचा. तो भाजी चिरायचा, मोजे धुवायचा, आणि आई बघत राहायची. दिवसभर दारात गिऱ्हाइकं. झुमरादला आखायला मिळायची ती हीच वेळ. नवरोझला चार दिवस उरले. बाहीची एक रेघही पुरी झाली नव्हती.

ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"आई, आता यांना छोटं करावं लागेल."

तिने चेहरा कोपऱ्यात सारला. तो तिकिटाएवढा झाला.

"अगं, मला दिसत नाही तो."

"मला बाही दिसायला हवी, आई. नाहीतर उद्या मीही तुम्हाला तिथूनच दिसेन."

म्हातारी कितीतरी वेळ कोपऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाजूच्या गादीवर बसली.

झुमरादने रेघ ओढली. वाकडी आली. पुसली, पुन्हा ओढली.

"आई? कुठे गेलीस? काय चाललंय तिकडे?" कोपऱ्यातून आवाज आला.

"गप्प बस," होजरबीबी म्हणाल्या. "ती आखतेय."