फ्रिजच्या दारावरचा डाग

जुना फ्रिज कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर रस्त्याच्या कडेला, कर्बवर ठेवायचा तर आधी त्याचं दार काढावं लागतं. खेळताना एखादं मूल आत अडकू नये म्हणून सिटीचा तसा नियम आहे. बेसमेंटमध्ये मुलगी स्क्रू काढत होती. मी दारावरचं कॅलेंडर उतरवलं आणि त्यामागे तो फिकट गुलाबी डाग दिसला.

स्कारबरोच्या या घरात हा फ्रिज आला तेव्हा सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. ओल्या कुंकवाच्या बोटानं त्यांनी दारावर स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या. संध्याकाळी नवऱ्याचा मॅनेजर जेवायला येणार होता. ते चिन्ह नाझींचं वाटून तो गोरा माणूस काय समजेल, या धास्तीनं मी भांड्यांचा स्पंज घेऊन खसाखसा घासत सुटले. लिंबाच्या वासाचा लाल फेस मनगटावरून ओघळत होता. मागे वळले तर सासूबाई उभ्या.

"मला सांगितलं असतं तर मीच पुसलं असतं नं बाई," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा वाटलं, चला, समजून घेतलं त्यांनी. पुढे ओव्हन आला, वॉशर आला. त्यांनी कुंकवाचा करंडा काही उघडला नाही. आणि उघडा, असं मीही कधी म्हटलं नाही. आता त्या नाहीत.

"मॉम, व्हाय आर यू क्लीनिंग इट? इट्स गार्बेज," मुलगी म्हणाली.

मी दचकून हाताकडे पाहिलं. हातात ओला स्पंज होता, तोच लिंबाचा वास येत होता, आणि डागाचा एक कोपरा पुसला गेला होता.