पहिल्या उबेचा पीळ

"कोरं कापड अंगाला लावू नये, आधी त्याची रग जिरवावी," असं धुरपदाबाईनं सुनेला, मालूबाईला, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

इतवारा पेठेत मागवाल्या विणकरांसाठी सुताला लावायची खळ शिजवण्यातच धुरपदाबाईचा जन्म गेला. वाफाळत्या खळीत हात घालायचे, सूत बुडवायचं, पिळायचं, शेवटी एक उलटा झटका द्यायचा, ही तिचीच सवय. बुऱ्हाणपूर नव्या राज्यात गेलं, कचेऱ्यांच्या पाट्या नव्यानं रंगल्या, त्याच साली लालबागेतल्या कारखान्यात शहाणं सूत आलं. पहिली ऊब ज्या आकारात लागेल, तो आकार ते जन्मभर धरून ठेवी. थंड असलं की नुसती चिंधी. तापलं की त्याच आकारावर परत. कोमटात हळूहळू, कढत पाण्यात झटक्यानं.

"शहाणं म्हणे! मग आम्ही काय येडं सूत पिळत होतो?" धुरपदाबाई हसली होती.

तिची नात निर्मला. तिचा डावा पाय आत वळलेला. पोरीचा बाप लीलाधर त्याच कारखान्यात कामाला. मिनतवाऱ्या करून त्यानं त्या सुताची एक पट्टी मिळवली. आधी सरळ पायाच्या लाकडी साच्यावर तापवायची, मग पोरीला बांधायची. अंगाच्या उबेनं पाय वळणावर येईल.

"माय, साच्यावर चढेपर्यंत ह्या पट्टीला गरम लागू द्यायचं नाही."

"सूत आहे का जावई?"

तो जैनाबादच्या सुताराकडे साचा आणायला गेला. पट्टी खरखरीत होती. पोरीची कातडी सोलून निघेल म्हणून धुरपदाबाईनं ती खळीत बुडवली, पिळली, सावलीत वाळवून घडी घातली. तिच्या हातांना ती खळ कोमटही लागली नाही.

दुपारी लीलाधरनं साच्यावर पट्टी गुंडाळली. निर्मला समोरच बसली होती. मालूबाईनं कढत पाणी ओतलं.

पट्टी आक्रसली, गरकन फिरली. कडाड! सागाचा पाय घोट्यात पिळवटून फुटला. ढलपी पोरीच्या मांडीवर येऊन पडली.

पट्टीवर पीळ उभा होता, शेवटी उलटा झटका दिलेला. तो कुणाच्या हातचा, हे घरात कुणाला सांगावं लागलं नाही.

"माय, खळ लावली?"

"टोचलं असतं रे पोरीला."

"दुसरी नाही मिळायची आता."

"आत्याबाई, तशीच पायाला बांधली असती तर..." मालूबाईनं पोरीचा पाय हातात धरला.

निर्मलानं ढलपी उचलली. "आजी, माझा पण असाच मोडला असता?"

धुरपदाबाईनं हात पदराखाली घेतले. ती उठली आणि अनवाणीच, कुणाकडे न बघता दाराबाहेर निघून गेली.