पात्यांमधली पिन

अकोल्याजवळच्या वीज केंद्रात वाफेच्या टर्बाइनला आम्ही पहिल्यांदाच टायटॅनियम मिश्रधातूची पाती बसवत होतो. शेवटच्या रांगेतली पाती सगळ्यांत लांब. टायटॅनियम पोलादापेक्षा हलकं, त्यामुळे फिरताना रोटरवर, म्हणजे पाती बसवलेल्या मधल्या दांड्यावर, ताण कमी येतो. पाती तपासायचं काम माझं. अमरावतीहून मी रोज गाडीनं जायची.

त्या दिवशी गाडीत चढतानाच्या रेटारेटीत शर्टाचं छातीवरचं बटण तुटलं. पर्समधली सेफ्टी पिन लावली आणि विसरून गेले. टर्बाइनपाशी जाण्याआधी अंगावरची प्रत्येक सुटी वस्तू बाहेर ठेवावी लागते. आत काही राहिलं, तर यंत्र सुरू झाल्यावर पात्यांची वाट लागते. मी बांगड्या, घड्याळ, केसांचे आकडे काढून ठेवले. पिन लक्षातच आली नाही.

दुपारी वाकून भिंगातून पाती बघत होते. अचानक गळ्याखाली गार वाटलं. हात लावला तर शर्ट उघडा, पिन गायब.

शर्ट मुठीत आवळून मी साहेबांना म्हटलं, "सर, काम थांबवा. माझी पिन पडली."

"कसली पिन?"

"सेफ्टी पिन."

"कुठं लावली होती?"

मी शर्ट आणखी घट्ट आवळला. मान खाली घातली. त्यांना कळलं. सगळ्यांनाच कळलं.

क्रेन थांबली. एका वयस्कर फिटरनं काठीला चुंबक बांधलं. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, म्हणून ते पात्यांमधून सरळ फिरवता येत होतं. "मॅडम, तुमी बाजूले बसा. आमी पाहून राहिलो नं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. सगळेच माझ्याकडे न बघता शोधत होते. तेच सहन होईना.

शेवटी गेटवरची सुरक्षारक्षक बाई मला तिच्या खोलीत घेऊन गेली. "कपडे झटकून पाह्यले काय?"

नव्हते पाहिले. शर्ट काढला, तर पिन आतल्या बनियनला अडकलेली.

"हे पाहा, इथंच तं हाये!" ती हसली. मला मात्र रडू फुटलं.

पिन तळहातावर घेऊन मी परत गेले. "सापडली नं? लागा कामाले," साहेब एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सूचनांमध्ये त्यांनी नाव न घेता सांगितलं, "काल एका मॅडमची पिन..." समोर उभ्या असलेल्यांत बाई मी एकटीच. कान तापले होते. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.