गळ्याची गोळी

माझ्या थोरल्या जावेला, जनकाबाईला, कोणी अडाणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिच्या लेकीचं, सारिकाचं, बाळ गेल्यापासून हा शब्द आमच्या गावात फार स्वस्त झाला आहे. ज्यांना स्वतःच्या रक्तदाबाची गोळी कोणती ते सांगता येत नाही, तेही पारावर बसून तिला अडाणी म्हणतात. जनकाबाईने मोठी चूक केली, त्यात वाद नाही. पण ती तिने ऐकलेलं सोडून दिलं म्हणून झाली नाही. नको तितकं मन लावून ऐकलं, म्हणून झाली.

मोताळ्याकडच्या आमच्या गावात बीटी कपाशी आली, तिच्या मागोमाग बियाण्याचे प्लॉट आले. तिथलं काम बायकांचं. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर नखाने सोलायची, आतले केसर काढून टाकायचे, खुणेला दोरा बांधायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. याला सगळे क्रॉसिंग म्हणायचे. जनकाबाईच्या हातची कळी सहसा वाया जायची नाही. बियाणं कंपनीचा साहेब माहिती द्यायला आला की तिला पुढे बसवायचा, आणि ही बाई कान टवकारून अशी बसायची की बाकीच्या मागून चिमटे काढायच्या. "जनके, तुले परीक्षा द्यायची हाय का वं?"

एकदा साहेबाने काचेच्या दोन बरण्या आणल्या. एकीत साध्या कपाशीचं पान, दुसरीत बीटीचं, आणि दोन्हीत अळ्या सोडल्या. काही दिवसांनी त्याने बायकांना त्या बरण्या पुन्हा दाखवल्या. साध्या पानाची नुसती जाळी झाली होती. बीटीच्या बरणीतल्या अळ्यांनी खाणं सोडलं होतं, त्या सुस्तावून काळवंडून पडल्या होत्या. साहेब म्हणाला, बीटी हा मातीतला एक जिवाणू आहे, त्याचा गुण या कपाशीत घातला आहे, पान खाल्लं की अळीचं पोट आतून फाटतं. माणसाला याचं काही होत नाही, हेही तो म्हणाला, पण बरण्या आवरता आवरता. जनकाबाईने ती बरणी हातात घेऊन पाहिली होती. वाक्य काही हातात घेता येत नाही.

सारिका ही तिची एकुलती मुलगी. मेहकरला दिली. जावई सहदेव गाड्या दुरुस्त करतो, माणूस शांत. पहिल्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सारिकाचं सगळं वाहून गेलं, आणि त्याच तपासण्यांत थायरॉइड निघालं. शरीर आपल्याच गळ्यातल्या गाठीवर उलटतं, असं काहीतरी. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. वर्षभरात पोरगी सुधारली, तोंडावर तेज आलं आणि पुन्हा दिवस गेले. आता हे बाळ नीट हातात यावं, एवढी एकच गोष्ट आमच्या दोन्ही घरांत मागितली जात होती. जनकाबाई तर बाळाबद्दल मोठ्याने बोलायचीसुद्धा नाही, नजर लागेल म्हणून. सातव्या महिन्यात तिने पोरीला माहेरी आणलं.

ते दोन हजार सतरा साल. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटीलाच खाऊन टाकलं. बोंड फोडावं तर आत किडका कापूस आणि जिवंत अळी. लोकांनी उभ्या कपाशीत ढोरं सोडली. प्लॉट आधीच बंद पडले होते, वेचणीलाही काही उरलं नाही, बायका दिवसभर दारात बसून राहायच्या. "अळीचं पोट सुधरलं वं," जनकाबाई म्हणायची, "अन माणसाचं बिघडून राह्यलं." आम्ही हसायचो. ती हसत नव्हती, हे आमच्या लक्षात आलं नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि मायाळू. सारिकाला तेव्हा पोट साफ होत नव्हतं, तोंड सुजल्यासारखं दिसत होतं, भूक नव्हती. त्यांनी गोळीचा डोस वाढवून दिला. सारिकाने विचारलं, "मॅडम, हे मलेच काऊन झालं?" बाईंनी टाळाटाळ न करता उत्तर दिलं. "काही संशोधक आता म्हणतात की यात आतड्यातल्या जिवाणूंचा हात असू शकतो. त्यांचा मेळ बिघडला की शरीराची फौज गोंधळते आणि स्वतःच्याच थायरॉइडवर तुटून पडते. अजून ते पक्कं नाही. तुम्ही फक्त गोळी सोडू नका."

बाई बोलल्या ते बरोबर होतं. बाहेर बायकांची रांग लागलेली असताना एवढं तरी कोण सांगतं? पण जनकाबाईने त्यातलं पोट आणि जिवाणू तेवढं उचललं. 'अजून पक्कं नाही' याचं काय करायचं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला आजवर ज्यांनी ज्यांनी काही सांगितलं, त्यांनी ते पक्कंच सांगितलं होतं.

एसटीत ती वाटभर पोरीकडे पाहत बसली. खात नाही, सुस्त पडते, अंग सुजलेलं. हे तिने आधी त्या बरणीत पाहिलेलं होतं.

घरी येऊन तिने बीटीचा जिवाणू पोरीच्या पोटात कुठून गेला, याचा माग काढायला घेतला. म्हशीला सरकीची ढेप, सरकी बीटीची. म्हणजे दूध तिचं, दही तिचं, ताकही तिचंच. दुकानातल्या तेलात सरकीचं तेल. पोटुशी पोरीचं दूध, दही, ताक तिने एका दमात बंद केलं आणि कुठून तरी जवसाचं तेल पैदा केलं. तिचे यजमान, माझे दीर इंद्रभान म्हणाले, "लेकीले दूध तरी दे." त्यांचं त्या घरात कधी चाललं होतं म्हणून आता चालेल? मग मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी ती मेडिकलमध्ये गेली. "पोटातले जंतू मारायची गोळी द्या, भाऊ. जालीम पाह्यजे." कोणासाठी, हे त्याने विचारलं नाही. कॅप्सूल दिल्या. संपल्या तशा तिने पुन्हा आणल्या.

सारिकाला ढाळ लागले. जनकाबाईला आनंद झाला, घाण निघते आहे म्हणून. कोंडलेलं पोट मोकळं झाल्याने सारिकालाही चार दिवस हलकं वाटलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. जनकाबाईची खात्री पटली. तिने रोजची गोळीही काढून घेतली. "गळ्याची गोळी गळ्याले. आग लागली पोटात, अन पाणी टाकून राह्यले गळ्यात. दोन औषधं एकमेकाले मारतेत."

"आई, डॉक्टरबाईनं सोडू नको म्हटलं व्हतं."

"मंग मी काय तुह्या वाईटावर हाय का?"

आईने प्लॉटवरची एकेक कळी जपावी तसं आपल्याला जपलेलं तिने जन्मभर पाहिलं होतं. सारिकाने गोळी सोडली.

पुढे तिची सूज वाढत गेली. भर दुपारी ती गोधडी घेऊन उन्हात बसायची. आवाज घोगरा झाला, बोलता बोलता डोळे मिटायचे. आणि एका सकाळी ती म्हणाली, बाळ हलत नाही.

जीप करून तिला बुलढाण्याला नेलं. मी नांदुऱ्याला माहेरी गेले होते, तिथून पोचले तोवर सगळं संपलं होतं. मुलगा होता. पूर्ण, नाकीडोळी नीट, आणि मेलेला. माझ्या हातून त्याच्यावर पांघरूण घालवेना, ते सहदेवने घातलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या. खोलीत सहदेव होता, त्याची आई बनाबाई होत्या, मी होते. जनकाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. बाईंनी विचारलं, "गोळी रोज घेत होतात ना?"

"हो," सारिका म्हणाली.

"मग डोस फारच कमी पडला. खूप वाढवावा लागेल. हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून पुन्हा विचारते. रोज घेत होतात?"

"हो."

जनकाबाई उठून उभी राहिली. "नाही घेतली. मी बंद केली. पोट्टी खोटं बोलून राह्यली, माह्यासाठी." आणि जावई-विहिणीच्या देखत तिने सगळं सांगितलं. म्हैस, तेल, कॅप्सूल, कंपनीच्या साहेबाची बरणी. काहीही लपवलं नाही. पारावरच्या शहाण्यांपैकी एकाची तरी ही छाती झाली असती का?

बाई हबकल्या. "मावशी, ते अळीचं पोट. माणसाच्या पोटाला बीटीने तसं काही होत नाही. आणि पोटातले जिवाणू आपल्याला लागतात. दह्याताकाने काही बिघडत नव्हतं. मी जिवाणू मारा असं कधी म्हटलं?"

"पोटात जिवाणू बिघडले, हे तुम्हीच म्हटलं व्हतं."

बाईंनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, बाळ नेमकं कशामुळे गेलं ते छातीठोक सांगता येणार नाही, कारणं दुसरीही असू शकतात. पण गोळी सोडणं फार धोक्याचं होतं. बनाबाई पदराने डोळे पुसत होत्या, त्यांनी एक वाकडा शब्द काढला नाही. त्या चार शिव्या देत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग सारिका बोलली. राग नव्हता, खरोखर विचारल्यासारखं बोलली. "आई, मी तुले अळी दिसली का वं?"

जनकाबाईने मान खाली घातली. मी तिला आयुष्यात इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं, आणि मला डॉक्टरीणबाईंचा, त्या साहेबाचा, मेडिकलवाल्याचा, सगळ्या जगाचा संताप आला.

सुट्टी मिळाली त्या दिवशी सहदेवने विचारलं, कुठे जायचं? सारिका म्हणाली, "मले आईकडं जायचं." बनाबाईही म्हणाल्या, जाऊ दे, कच्ची बाळंतीण आहे, आईजवळ राहील. एवढी चांगली माणसं होती ती.

जनकाबाईने पोरीच्या कपड्यांची पिशवी उचलली आणि बनाबाईंच्या हातात दिली.

"आई, मी रागावली नाही तुह्यावर."

"मले ठाऊक हाय," जनकाबाई म्हणाली. "डॉक्टरबाई खरं सांगून राह्यली, हेही समजते मले. पण मनातून जात नाही वं. अजूनही वाटते का माहं बरोबर व्हतं. तू घरी आली का मी पुन्हा तसंच करीन. तू येऊ नको."

सारिका हुंदके देत तिला बिलगली. जनकाबाईने ती मिठी सोडवली आणि हाताला धरून तिला मेहकरच्या गाडीत बसवून दिलं.