तिसऱ्या बाकावरचं आमेन

माझे मामेसासरे हे मुंबई बेटावरचे सर्वांत हट्टी ख्रिस्ती गृहस्थ आहेत, असं मी म्हटलं तर परळच्या आमच्या चर्चच्या मराठी मंडळीतला एकही माणूस हरकत घेणार नाही. आणि आमच्या मंडळीचं एखाद्या गोष्टीवर असं एकमत व्हावं, हाच मुळात एक चमत्कार आहे. नाताळच्या जेवणात मटण की चिकन यावरून आमच्यात दोन तट पडतात, देवळातले (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पंखे किती जोरात फिरावेत यावरून तीन. पण मामा हट्टी, यावर सगळे एक. गंमत म्हणजे हा माणूस कधी भांडत नाही, आवाज चढवत नाही. रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येतात, चपला दाराशी भिंतीला लावून काढतात, भेटेल त्याला वाकून 'सलाम' म्हणतात आणि पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकाच्या टोकाशी बसतात. पलीकडे बायकांच्या बाजूला, खिडकीपाशी, मामी. गाणी मामा सगळ्यांबरोबर म्हणतात, उठायचं तेव्हा उठतात, बसायचं तेव्हा बसतात. त्यांचा सगळा हट्ट एका शब्दात मावतो. तो शब्द म्हणजे आमेन.

आमच्याकडे प्रार्थना संपली की सगळी मंडळी एका दमात आमेन म्हणते. कुणी डोळे चोळत म्हणतं, कुणी मोबाईल चाचपत. मी तर बहुतेक वेळा दुपारच्या रश्श्याचा विचार करत म्हणतो. मामा गप्प असतात. मान थोडी तिरकी. एखादा शेंगदाणा चावून गिळावा एवढा वेळ जातो, आणि मग त्या शांततेत, शेजाऱ्यानं संकोचत कडी वाजवावी तसं त्यांचं 'आमेन' येतं. किंवा येतच नाही. आलं नाही की प्रार्थना करणाऱ्याचा पुढचा आठवडा त्या न आलेल्या आमेनमध्ये जातो. जन्मभर बँकेत सह्या पडताळल्याचा हा परिणाम असणार, असं माझं मत होतं. मामांना विचाराल तर म्हणतील, "आमेन म्हणजे तसंच होवो. आता काय होवो ते नीट कळल्याशिवाय 'तसंच होवो' कसं म्हणणार, जावईबापू? उद्या खरंच झालं तर?"

देव मनावर घेईल ही शक्यता इतकी गांभीर्यानं धरणारा दुसरा ख्रिस्ती मी पाहिलेला नाही. आम्ही बाकीचे मागून मोकळे होतो.

या 'खरंच झालं तर'नं मला पहिल्यांदा आडवं केलं ते लग्नानंतर लगेच. नवा जावई म्हणून मला प्रार्थनेला उभं केलं. मी दादरचा, चार लोकांत बोलायची हौस, त्यात समोर नवी बायको. मी सुटलो. शेतकरी घेतले, जवान घेतले, सरकार घेतलं, देवळाचं गळकं छप्पर घेतलं, आणि शेवटाला आवाज कापरा करून म्हणालो, "प्रभू, आम्हांवर दुःखं पाठव, म्हणजे त्या भट्टीत आम्ही शुद्ध होऊ!" मंडळीनं दणदणीत आमेन म्हटलं. मी डोळे मिटून तिसऱ्या बाकाची वाट पाहत राहिलो. शेवटी पेटीवाल्या मास्तरांनी पुढचं गाणं सुरू केलं, तेव्हा डोळे उघडले. दुपारी जेवताना मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "मामा, प्रार्थना आवडली नाही का?"

"झकास होती की. पण ते दुःखं पाठव म्हणालात ना, तेव्हा मी हिच्या गुडघ्यांकडे बघितलं. ते आधीच पुरेसे शुद्ध झालेत. तुम्हाला हवं तर एकट्यासाठी मागा, त्याला मी आमेन म्हणतो."

मामी एवढ्या हसल्या की रस्सा साडीवर सांडला. मी तेव्हापासून प्रार्थनेत दुःखाचा विषय काढत नाही.

एका लग्नात तर मामांनी अख्खी पंगत खोळंबवली. वधू नात्यातलीच होती. जेवणाआधीच्या प्रार्थनेत पाहुण्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, जोडप्याला भरभरून लेकरं मागितली. घर भरू दे, मेज भरू दे, अंगण भरू दे. मुंबईत अंगण कुठलं, हा प्रश्न मला पडला; मामांना वेगळा पडला. सगळ्यांचं आमेन झालं, वाढपी बिर्याणीची झाकणं उचलणार, एवढ्यात मामा उठून वधूजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "बाय, तुला किती हवीत?" ती लाजून म्हणाली, "एक. आणि तेही सावकाश, मामा." मामा जागेवर परत आले, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकाला आमेन." नवऱ्या मुलाच्या आईनं त्यानंतर बरेच महिने मामांना सलाम केला नाही. मामांच्या चाळीतल्या शेजारीणबाईंचाही असाच विरस झाला होता. "तुमच्या देवाला सांगा, आमच्या बंड्याचं लग्न जमू दे," असं त्या गणपतीच्या प्रसादाबरोबर सांगून गेल्या. मामांनी प्रसाद खाल्ला, बंड्याला गाठलं, आणि संध्याकाळी निरोप दिला, "वहिनी, बंड्याला विचारलं. त्याला नकोय. दुसरं काही असेल तर सांगा."

असं सगळं सुखात चाललं होतं. मग चाळीच्या जागी टॉवर आला, मामा-मामी वरच्या मजल्यावर गेले, आणि मंडळीत नवे पाळकसाहेब आले. माणूस तरुण, कळकळीचा, आजाऱ्याच्या घरी न बोलावता जाणारा. त्यांनी पडदा लावला, माईक आणले, मास्तरांची पेटी काढून त्यांच्यापुढे कीबोर्ड ठेवला. त्याच्याकडे मास्तर अजूनही परक्या घरच्या कुत्र्याकडे बघावं तसे बघतात. उपासना मोबाईलवरून नगरपासून दुबईपर्यंतचे नातेवाईक बघू लागले आणि घोटाळा तिथे झाला. लोक विचारू लागले, सगळ्यांचं झाल्यावर हे एकटं आमेन कुणाचं येतं? माईक बिघडलाय का? पाळकसाहेबांनी उपदेशात विषय काढला. "मंडळी म्हणजे एक शरीर. सगळं शरीर हललं आणि एक बोट मागाहून हललं, तर डॉक्टर त्याला काय म्हणतो?" बोटानं मान तिरकी करून शांतपणे ऐकून घेतलं.

हे कदाचित एवढ्यावरच राहिलं असतं. पण त्याच सुमारास मामी आजारी पडल्या आणि आजार बरा होण्यातला नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी दवाखान्यात ठेवून आणखी एक उपचार सुचवला होता, पण खात्री कुणीच देत नव्हतं. पाळकसाहेबांनी ठरवलं की येत्या रविवारी सगळ्या मंडळीनं मामींच्या आरोग्यासाठी एका मनानं, एका आवाजात मागायचं. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. मी त्या वर्षी नुकताच पंच झालो होतो. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा, निदान आपण बघतो असं समजणारा. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांचे जावई. त्यांना समजवा. त्या दिवशी तरी सगळ्यांबरोबर आमेन म्हणू देत. नाहीतर उद्या काही बरंवाईट झालं, तर लोक म्हणतील की नवऱ्याचाच विश्वास कमी पडला. ते मला त्यांच्या वाट्याला यायला नकोय."

खोटं नव्हतं. आमचे लोक तसं म्हणाले असते, मीही कदाचित मान डोलावली असती. मी दादरहून सुरळीच्या वड्या घेतल्या, वाटेत भाषण पाठ केलं आणि मामांकडे पोचलो. मामी खिडकीशी पलंगावर होत्या. वरळीकडचा वारा थेट आत येत होता. मी 'एकी', 'मंडळी', 'आवाज' असं काहीबाही बोललो. मामांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "काय मागणार आहात?"

"मामी खडखडीत बऱ्या व्हाव्यात आणि नाताळला करंज्या करायला उभ्या राहाव्यात."

"करंज्या?" पलंगावरून मामी म्हणाल्या. "मेल्यांनो, एवढी वर्षं तळल्या, अजून तुमचं पोट भरलं नाही?"

मामा वड्यांसाठी ताटल्या आणायला आत गेले. मी खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणालो, "मामी, तुम्ही तरी सांगा त्यांना. ते कुणाचं ऐकत नाहीत."

"ते?" मामींना हसताना खोकला आला. "अहो, ते कसले ठरवताहेत! आमेनच्या आधी ते माझ्याकडे बघतात. मला पटलं तर मी पदर खांद्यावर ओढून घेते. नाही पटलं तर नाही ओढत. लग्न झाल्यापासून चाललंय."

परळचा सर्वांत एककल्ली माणूस मुळात एकटा नव्हताच. मान तिरकी व्हायची ती विचारात नव्हे, खिडकीकडे व्हायची.

"आणि या रविवारी मी नसणार," मामी म्हणाल्या. मामा ताटल्या घेऊन आले तशा त्या त्यांच्याकडे वळल्या. "ऐका हो. मला दवाखान्यात नेऊ नका. इथेच राहू दे. दुखणं कमी होऊ दे, आणि ही खिडकी कुणी लावून घेऊ नये. एवढं मागा. उगाच मोठं मागून त्याला पेचात टाकू नका."

मामांनी हातातली ताटली उगाच पुसली. "बरं," म्हणाले.

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, आणि खरं सांगतो, त्यांचा आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. पण माझं लक्ष तिसऱ्या बाकावर. म्हणतात की नाही, म्हणतात की नाही, या घोरात मी असा बुडालो की मंडळीचं आमेन कधी होऊन गेलं, मला कळलंच नाही. मामांची मान खिडकीकडे वळली. तिथे मामींच्या जागी कुणीतरी पर्स ठेवली होती. मग ते उभे राहिले.

"पाळकसाहेब, तुम्ही प्रेमानं मागितलंत. पण तिनं निरोप दिलाय. तिला घरीच राहायचंय, दुखणं कमी व्हावं आणि खिडकी उघडी असावी. मला एवढ्यालाच आमेन म्हणता येईल. आमेन."

ते बसले. देवळात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. आणि त्या शांततेत मी दचकून भानावर आलो, आपलं आमेन राहून गेलं या घाईत जोरात ओरडलो, "आमेन!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. समजूत घालायला पाठवलेला पंच उघडउघड फितूर झाला होता. मी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेला म्हटलं होतं हो! पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि ते आता मिटलेलंच बरं होतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एका म्हाताऱ्या आत्याबाईंचं बारीक 'आमेन' आलं. मग मास्तरांचं. मग इथून एक, तिथून एक, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. प्रत्येकाचं आपापल्या वेळी. माझ्या दोन बाक मागे एक गृहस्थ मात्र 'हा अविश्वास आहे' असं पुटपुटत उठून गेले, ते पुढे बरेच रविवार आले नाहीत. पाळकसाहेब खाली बघत उभे होते. सर्वांत शेवटी, माईक बाजूला सारून, त्यांनीही म्हटलं.

त्या दुपारी ते मामींकडे गेले. प्रार्थना केली नाही म्हणे; खिडकीची कडी वाऱ्यानं वाजत होती, तिला कागदाची घडी लावून दिली. मामी घरीच राहिल्या. फार दिवस राहिल्या नाहीत.

मामा अजून रविवारी येतात. तोच शर्ट, तोच सलाम, तोच बाक. मंडळीचं आमेन होतं आणि त्यांची मान खिडकीकडे वळते. तिथे आता माझी बायको बसते. मधला वेळ पूर्वीपेक्षा लांबलाय. कधी आमेन येतं, कधी येत नाही. मध्यंतरी देवळातून बाहेर पडताना मी धीर करून विचारलं, "मामा, आता कुणाला विचारता?"

"तिलाच," मामा पायानं चपला जुळवत म्हणाले. "उत्तर यायला जरा वेळ लागतो, एवढंच. मास्तरांना सांगा, गाणं सुरू करत जा, माझ्यासाठी थांबू नका."

मी मास्तरांना निरोप पोचवला. मास्तरांनी ऐकून घेतला. अजूनही मंडळीचं आमेन झालं की ते बोटं कीबोर्डच्या वर अधांतरी धरतात आणि तिसऱ्या बाकाकडे बघत थांबतात.